सातव्या रकान्यातली अक्षरं

‘आर’ या अक्षराच्या उभ्या खांबाची जाडी साडेअकरा मिलिमीटर भरली आणि त्याच्या पायाशी असलेल्या आडव्या रेघेची नऊ दशांश मिलिमीटर. मी तीनदा मोजली. एकदा केलेलं मोजमाप म्हणजे अंदाज, असं मी तांत्रिक शाळेत चौतीस वर्षं मुलांना सांगत आले. ते स्वतःला लागू नाही असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. म्हणजे खांब त्या रेघेच्या जवळजवळ तेरापट जाड. इतक्या भरभक्कम देहाचा माणूस इतक्या पातळ चपलांवर उभा राहिला असता तर चपला फाटल्या असत्या. हे अक्षर मात्र साठ वर्षं ऐटीत उभं होतं. त्या बारीक रेघेला आमच्याकडचे छपाईवाले ‘ग्रात्सिया’ म्हणतात, म्हणजे कृपा. मी रसायनशास्त्राची. कृपेवर माझा विश्वास बेताचाच. पण नऊ दशांश मिलिमीटर म्हटलं की बसतो.

अक्षर लाकडाचं होतं आणि माझ्या वडिलांच्या पेटीतलं होतं. वडील, प्रोस्पेरो झांब्रेल्ली, आमच्या बोर्गोसेक्को गावातले जुळारी. अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छापायचे. सर्कस आली की तिची जाहिरात, निवडणूक आली की तिची, आणि या दोन्ही नसतील तेव्हा मृत्यूची पत्रकं. आमच्याकडे कोण गेलं ते भिंतीवर वाचतात. काळ्या किनारीचा मोठा कागद, मधोमध जाड अक्षरांत नाव, खाली वय. सकाळची कॉफी घ्यायच्या आधी लोक समोरच्या भिंतीवर नजर टाकतात आणि आपलं नाव नाही याची खात्री करून मगच साखर ढवळतात.

आता मूळ मुद्दा. मूळ मुद्दा बेलच्या पाटीचा होता.

आमच्या इमारतीच्या दाराशी बारा बटणांची पितळी पाटी आहे. ती पावसात शॉक देते. चार वर्षं दर सभेत हा विषय निघायचा आणि ‘पुढील सभेत विचार करू’ असं ठरायचं. गेल्या वसंतात टपालवाल्याला शॉक बसला, त्याने पत्रं टाकायची बंद केली, तेव्हा व्यवस्थापक मालपेली कॅटलॉग घेऊन आले. हे गृहस्थ आठ इमारती सांभाळतात आणि आठही ठिकाणी सारखाच कंटाळलेला चेहरा घेऊन जातात. कॅटलॉगमधली अक्षरं काडीसारखी बारीक, ना पाय ना डोकं.

“ही कसली अक्षरं? तापातून उठल्यासारखी दिसतायत,” माझ्या समोरच्या दारातली एर्सिलिया म्हणाली.

“आधुनिक आहेत,” मालपेली म्हणाले.

“आधुनिक असू देत हो, पण दोन घास खाल्लेली तरी असू देत.”

यावर मी बोलले. मी सभेत बोलत नाही. बारा वर्षांच्या इतिवृत्तात माझं नाव फक्त ‘उपस्थित’ या यादीत आहे. पण मी म्हणाले, “माझ्याकडे वडिलांची अक्षरं आहेत. त्यावरून मी नावं काढून देईन.”

“फुकट?” मालपेलींनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या इमारतीत इतक्या वेगाने दुसरं काही मंजूर झाल्याचं मला आठवत नाही.

घरी येऊन पेटी उघडली तर सतराच अक्षरं. ‘जी’ नाही, ‘क्यू’ नाही, ‘एम’ नाही. आणि ‘झेड’ नाही. म्हणजे आमच्याच आडनावाचं पहिलं अक्षर बेपत्ता. इटालियन लिहायला एकवीस पुरतात, म्हणून मला वाटलं चारच काढायची. पण तिसऱ्या मजल्यावर पोलंडहून आलेलं कोवाल्चिक कुटुंब राहतं. त्या एका आडनावाने ‘के’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ ही तीन अक्षरं माझ्या अंगावर घातली. मग संच अर्धवट नको म्हणून उरलेली ‘जे’ आणि ‘एक्स’ही काढायची ठरवली. कोवाल्चिकबाई जिन्यात भेटल्या तेव्हा फार ओशाळल्या. “बाई, हवं तर आम्ही नवऱ्याच्या आईचं आडनाव लावतो, ते छोटं आहे.” मी म्हटलं, नको, विज्ञानात अडचण आली म्हणून नमुना बदलत नाहीत.

‘जी’ मी एक्केचाळीस वेळा काढला. जाड अक्षरात ‘जी’ अवघड असतो. पोटही मोठं हवं आणि आत श्वास घ्यायला जागाही हवी. एर्सिलिया रोज चार वाजता यायची, चष्मा वर सरकवायची आणि निदान करायची.

“हा गलगंड झालेला दिसतोय.”

“एर्सिलिया, ती वळणाची जाडी आहे.”

“असेल. माझ्या आत्येभावाचीही वळणाचीच जाडी होती. ऑपरेशन करावं लागलं.”

एक्केचाळिसाव्या ‘जी’वर तिने मान डोलावली. “हा बरा आहे. जेवून उठल्यासारखा, पण अजून मिठाईला जागा आहे असा.” शास्त्रीय परिभाषेत मी हे लिहिलं नसतं, पण अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

सगळी अक्षरं जमल्यावर मी ती लहान करून बेलच्या पट्टीवर बसवून पाहिली, आणि माझी मान खाली गेली. आठ मिलिमीटर उंचीला सगळ्या बारीक रेघा नाहीशा झाल्या. राहिले फक्त जाड खांब. ‘बोनेल्ली’ हे शेजाऱ्यांचं आडनाव वाचावं तिथे कुंपणाच्या सहा-सात फळ्या. प्रमाण कायम ठेवून आकार घटवला की बारीक बाजू आधी संपते, हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला मिठाच्या खड्यावरून शिकवत असे. शिकवलेलं सगळंच शिक्षकाला येतं असं नाही.

मग पुन्हा बसले. बारीक रेघा जाड केल्या, त्यामुळे खांब सडपातळ वाटायला लागले, म्हणून खांब वाढवले, त्यामुळे आतल्या जागा बुजल्या, म्हणून अक्षरं रुंद केली. गोल अक्षरं सरळ अक्षरांच्या शेजारी बुटकी दिसतात, म्हणून ‘ओ’ ओळीच्या वर-खाली केसभर बाहेर काढला. तो मोजपट्टीला मोठा आहे आणि डोळ्याला सारखा. हे मला मान्य करायला तीन दिवस लागले. सप्टेंबर संपता संपता मी नव्या अक्षरांवर वडिलांच्या अक्षरांचे ठसे ठेवून पाहिले. सव्वीस अक्षरांतलं एकच तंतोतंत जुळलं, ‘आय’. आणि ‘आय’ म्हणजे नुसता खांब. त्यात फरक करायला जागाच नव्हती.

इथपर्यंत काम माझं आणि कागदाचं होतं. यानंतर त्यात नगरपालिका आली.

आमची इमारत गावाच्या जुन्या भागात आहे. दर्शनी भिंतीवर खिळा ठोकायचा तरी अर्ज लागतो. अर्जात नऊ रकाने. सातवा असा: ‘अक्षरवळणाचे नाव व कर्ता’. हा रकाना बहुधा संगमरवरी स्मारकांसाठी असावा, पण अर्ज एकच आहे. मी तिथे आडवी रेघ मारली. अर्ज परत आला: ‘रकाना सात अपूर्ण.’ मी लिहिलं, ‘वडिलांच्या पेटीवरून’. अर्ज परत आला: ‘पेटी ही व्यक्ती नाही.’

बाकी सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. एर्सिलिया म्हणाली, “प्रोस्पेरो लिही की! किती शोभेल. गेलेल्या माणसाचं नाव कुठेही शोभतं.” कॉफीवाला म्हणाला, प्रोस्पेरो. मालपेलींनी फोन करून सांगितलं, प्रोस्पेरो लिहा आणि मोकळ्या व्हा. ते लिहिलं असतं तर खोटं झालं असतं का? वडिलांनी ती अक्षरं कोरली नव्हती, विकत घेतली होती. आणि आता त्यातलं ‘आय’ सोडून काही उरलं नव्हतं. पण माझं नाव लिहायचं तर हात धजेना. आमच्या घरात नाव छापायचं असे ते नेहमी दुसऱ्याचं. मी रकाना कोरा ठेवला आणि स्वतःला सांगितलं की आधी मोठ्या आकारात छापून बघू, निरीक्षण पूर्ण होऊ दे. निर्णय टाळायचा असला की मी निरीक्षण वाढवते.

गावात आता एकच छापखाना आहे, ओरेस्ते कावाल्काचा. ओरेस्ते माझा विद्यार्थी. दहापैकी चार गुण. पास व्हायला सहा लागतात.

“बाई, काय छापू? काहीतरी मजकूर द्या.”

मजकुराचा मी विचारच केला नव्हता. “माझंच नाव टाक. त्यात झेड आहे, एम आहे. खाली सगळी अक्षरं ओळीने.”

“आणि आकार बाजूला छापतो, म्हणजे तुम्हाला मोजायला बरं. खालची ओळ बहात्तर पॉइंटाची.”

“छान.”

हे संभाषण मी मुद्दाम पूर्ण दिलं आहे, कारण नंतर ओरेस्तेने ‘बाईंनी नीट सांगितलं नाही’ असं सगळीकडे सांगितलं. मी नीट सांगितलं होतं. ओरेस्तेने एवढंच केलं, की चाचणीसाठी नवा कागद कशाला खराब करायचा म्हणून हाताशी असलेला गठ्ठा यंत्रात घातला. हाताशी नेहमी काळ्या किनारीचा गठ्ठा असतो. यंत्रावर प्रतींचा आकडा बारा होता, कारण मृत्यूची पत्रकं बाराच छापतात, गावात तेवढ्या भिंती आहेत. मग तो जेवायला गेला. दुपारी पत्रकं चिकटवणारा माणूस आला आणि टेबलावरचं सगळं घेऊन गेला.

सकाळी मी पाव आणायला निघाले. बेकरीबाहेर उभ्या असलेल्या दोन पुरुषांनी मला पाहिलं आणि दोघांचेही हात एकदम दाराच्या लोखंडी कडीकडे गेले. अशुभ टळावं म्हणून आमच्याकडे लोखंडाला हात लावतात. मी मागे वळून बघितलं की माझ्यामागे कोण आहे. कोणी नव्हतं.

समोरच्या भिंतीवर मी होते. ‘देल्फिना झांब्रेल्ली’. पंधरा सेंटिमीटर उंचीची अक्षरं, काळी किनार. खाली ए-पासून झेडपर्यंत सगळी ओळ, आणि बाजूला: ७२.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, ‘झेड’ काय सुंदर उभा आहे. दुसऱ्यांदा वाटलं, मी चौसष्ट वर्षांची आहे.

दहा वाजेपर्यंत माझ्या जिन्यात अकरा माणसं आणि चार कुंड्या शेवंती जमली. शेवंती आमच्याकडे फक्त कबरीवर ठेवतात. जिवंत माणसाला कोणी दिली तर ते भांडणाला पुरेसं कारण असतं. एर्सिलिया दार अडवून उभी होती आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “मेली नाहीये हो, आत कॉफी करतेय.” लोक तरीही आत डोकावत होते. आल्यासारखं काहींनी सांत्वनही केलं.

“बाई, वय मात्र कधी वाटलं नाही तुमचं,” एक जुनी विद्यार्थिनी डोळे पुसत म्हणाली.

“कारण ते माझं नाहीच.”

“आणि खाली ती अक्षरं दिलीत ती फार हृदयस्पर्शी. शेवटपर्यंत शिकवत राहिलात.”

मी नगरपालिकेत गेले. पत्रकांच्या खिडकीत रोमिना तान्झी बसते. हीसुद्धा माझी विद्यार्थिनी, साडेसहा गुण, नीटनेटकी वही.

“रोमिना, ती पत्रकं उतरवायची आहेत.”

“पाच दिवस राहतात, बाई. आधी उतरवायची तर अर्ज लागतो.”

“दे अर्ज.”

“अर्ज नातेवाइकाने करायचा असतो.”

“मला जवळचं कोणी नाही. मीच आहे.”

रोमिनाने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. “पण बाई, तुम्ही मृत व्यक्ती आहात. मृत व्यक्तीला अर्ज करता येत नाही.”

“मी तुझ्यासमोर उभी आहे.”

“मला दिसतंय हो. मी शिक्का मारू शकले असते तर मारला असता. तुम्ही असं करा, दोन नंबरच्या खिडकीतून हयातीचा दाखला आणा.”

दोन नंबरच्या खिडकीने माझं ओळखपत्र बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ओळखपत्राकडे, आणि विचारलं, “दाखला कशासाठी हवाय?” मी म्हटलं, “हयात असण्यासाठी.” तो म्हणाला, कारणांच्या यादीत ते नाही, पेन्शन आहे, विमा आहे, ‘इतर’ आहे. मी ‘इतर’ झाले. चौसष्ट वर्षं जगून मी ‘इतर’ कारणासाठी जिवंत आहे असं आता सरकारी कागदावर आहे, सही-शिक्क्यासह.

पत्रकं त्या दिवशी उतरली नाहीत, कारण चिकटवणाऱ्याला उतरवायचे अधिकार नाहीत. ती पाच दिवस राहिली. आणि त्या पाच दिवसांत जे घडलं त्याची मला अजिबात तयारी नव्हती.

लोक भिंतीपाशी थांबायला लागले. मी मेले नाही हे कळल्यावरही थांबायला लागले. कॉफीवाल्याने ओरेस्तेला विचारलं, दुकानाचं नाव ह्या अक्षरांत काढून मिळेल का. चीज बनवणाऱ्यांच्या सोसायटीला पेट्यांवर तीच हवी झाली. नोटरीची विधवा तर ओरेस्तेकडे जाऊन स्वतःच्या पत्रकाची नोंदणी करून आली, “घाई नाही, पण अक्षरं हीच. त्या दुसऱ्या काटकुळ्या अक्षरांत मी जाणार नाही.” ओरेस्ते मला फोन करून म्हणाला, “बाई, आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं छापलेलं बघतायत, मेलेला कोण ते नाही.” मी त्याला मनातल्या मनात आठ गुण दिले.

फोनच्या शेवटी मात्र तो म्हणाला, “काय अक्षरं होती हो तुमच्या वडिलांची!” कॉफीवालाही तेच म्हणाला. नोटरीच्या विधवेने माझा हात दाबून तेच सांगितलं. प्रत्येक वेळी मी “हं” म्हटलं. दिवसाला सरासरी सात वेळा.

आणि गुरुवारी, संध्याकाळी सहाला, सभा होती. मालपेलींनी येताच घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

“उद्या सकाळी अर्जाची मुदत संपते. रकाना सात भरला नाही तर कॅटलॉगमधली पाटी मागवतो. मला टपालवाल्याचं रोज ऐकून घ्यावं लागतंय.”

“त्यात काय भरायचंय!” एर्सिलिया म्हणाली. “प्रोस्पेरो झांब्रेल्ली. सगळं गाव म्हणतंय.”

“हरकत?” मालपेलींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पेन टेकवलं. ‘प्रोस्पे’ एवढं लिहून झालं होतं.

“थांबा.”

हे मी म्हटलं नाही. तळमजल्यावरचे गांदोल्फीआजोबा म्हणाले. वय शहाऐंशी. त्यांनी चाळीस वर्षं या गावाच्या भिंतींवर खळ लावून कागद चिकटवले; माझ्या वडिलांनी छापलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून गेलेला. सभेत ते नेहमी झोपतात, त्यामुळे सगळे दचकले.

“ही अक्षरं प्रोस्पेरोची नाहीत.”

“अहो आजोबा, पेटी त्यांचीच—”

“पेटी असेल. प्रोस्पेरोकडे झेड नव्हता. तो एन आडवा पाडायचा आणि झेड म्हणून छापायचा. लांबून खपून जायचं. मी जवळून बघायचो ना, नाक कागदाला लागलेलं असायचं. त्याचं स्वतःचं नावसुद्धा त्याने कायम झोपलेल्या एनने छापलं. भिंतीवर आलाय तो झेड झोपलेला नाही. तो जन्मापासून झेड आहे.” ते माझ्याकडे वळले. “बाई, तो कोणी काढला?”

बारा घरांची माणसं माझ्याकडे बघत होती. कोवाल्चिकबाईंनी हातातलं विणकाम थांबवलं. एर्सिलियाने चष्मा वर सरकवला. तिने एक्केचाळीस ‘जी’ पाहिले होते. तिला उत्तर माहीत होतं, फक्त तिच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

मालपेलींचं पेन ‘प्रोस्पे’वर तसंच टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका पसरत चालला होता. त्याचा व्यास दोन मिलिमीटर झाला असेल.

“बाई, मुदत उद्या सकाळची आहे,” ते म्हणाले. “नाव सांगा.”

“खोडा ते,” मी म्हणाले. आवाज वर्गातला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. “अक्षरवळणाचं नाव, देल्फिना. कर्ता, देल्फिना झांब्रेल्ली. अक्षरं माझी आहेत.”